दगडापेक्षा वीट मऊ: दोन नकोशा उमेदवारांतून राष्ट्राध्यक्ष निवडताना

प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या एका ताईंना नुकतेच अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आहे. 2028 च्या नोव्हेंबरात त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदा मत देतील. दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार मनातून उतरलेले निघाले तर काय करायचे, असे त्या विचारतात. यजमान म्हणतात, तो रकाना कोरा सोड. मुलगी म्हणते, तिसऱ्या पक्षाला दे. सासूबाई म्हणतात, "उडदामाजी काळे गोरे, त्यात काय निवडायचं?"

ताई, आधी सासूबाईंच्या उडदांचे पाहू. दोघेही वाईट असणे वेगळे आणि दोघेही सारखेच वाईट असणे वेगळे. पहिली गोष्ट पुष्कळदा खरी असते, दुसरी क्वचितच. आपले मत म्हणजे उमेदवाराला दिलेला चारित्र्याचा दाखला, असे मनात धरले की हात अडखळतो, कारण खोटा दाखला द्यायला कुणालाच आवडत नाही. पण मतपत्रिका दाखला मागतच नाही. 20 जानेवारीपासून पुढची चार वर्षे एक ठरावीक सत्ता कुणाच्या तरी हातात जाणारच आहे. ती यांच्यापैकी कुणाच्या हातात असली तर नुकसान कमी होईल, एवढेच ती विचारते.

1991 साली लुइझियाना राज्यात गव्हर्नरपदाच्या शेवटच्या फेरीत दोन माणसे उरली. एडविन एडवर्ड्स आधी तीन वेळा गव्हर्नर झालेले. भ्रष्टाचाराच्या खटल्यातून सुटलेले, पण राज्यभर बदनाम. समोर डेव्हिड ड्यूक, कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा माजी पुढारी. गाड्यांच्या मागे स्टिकर झळकले: "चोरालाच मत द्या. महत्त्वाचं आहे." एडवर्ड्स साधारण 61 टक्के मते घेऊन निवडून आले. पुढे 2000 साली ते भ्रष्टाचाराच्याच प्रकरणात दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. मतदार फसले का? अजिबात नाही. हा माणूस पैसे खाईल हे धरूनच त्यांनी मत दिले होते. पैसे खाणाऱ्यासाठी कोर्ट आहे, तपास आहे, तुरुंग आहे, आणि ते सगळे वापरले गेले. आपल्याच राज्यातल्या एक तृतीयांश माणसांना कमी लेखणारा माणूस त्या खुर्चीत बसला असता तर त्यावर असा तयार इलाज नव्हता. दोन दोषांची तुलना करताना पाहायचे ते हे: कोणत्या दोषावर व्यवस्थेत औषध आहे, आणि कोणता दोष औषधाचे कपाटच फोडून टाकतो.

म्हणून सुरुवात उमेदवारांपासून करू नका, खुर्चीपासून करा. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे न पाहता लोक भाषणे ऐकत बसतात आणि मग ज्या गोष्टी त्याच्या हातातच नाहीत त्यांवर मत ठरवतात. जुन्या हिशेबात रुपयाचे सोळा आणे. उमेदवाराने बोललेली गोष्ट किती आणे त्याच्या एकट्याच्या हातात आहे, ते प्रत्येक मुद्द्यापुढे लिहायचे.

सोळा आण्यांच्या गोष्टी थोड्या आहेत, पण भयंकर वजनाच्या. केंद्रीय गुन्ह्यांतल्या दोषींना माफी. सैन्याला हुकूम. अण्वस्त्रे डागण्याचा आदेश, ज्याला दुसऱ्या कुणाची संमती लागत नाही. 1973 च्या कायद्याप्रमाणे सैन्य लढाईत उतरवल्यावर 48 तासांत काँग्रेसला, म्हणजे सिनेट आणि हाउस या दोन सभागृहांच्या संसदेला, कळवावे लागते आणि मंजुरी नसेल तर 60 दिवसांची मुदत आहे. पण 60 दिवसांत पुष्कळ काही होऊन जाते, त्यामुळे हा ब्रेक उशिरा लागतो.

व्हिसा आणि इमिग्रेशनचा विषय मराठी घरांत पहिल्यांदा निघतो आणि तिथेच हिशेब सर्वांत जास्त चुकतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा वार्षिक कोटा, म्हणजे 65,000 आणि वर अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी 20,000, हा कायद्यात आहे. नोकरीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, हेही कायद्यात आहे. काँग्रेसने बदलल्याशिवाय ते बदलत नाही. म्हणून "भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग संपवतो" असे कोणीही म्हणाले, तरी त्यापुढे दोन आणे लिहा. याउलट एच-वन-बीवाल्यांच्या, एच-फोर व्हिसावरच्या जोडीदारांना कामाचा परवाना 2015 साली मिळाला तो निव्वळ प्रशासनाच्या नियमाने, आणि नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम सप्टेंबर 2025 मध्ये लागली ती राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने. देणे आणि घेणे दोन्ही काँग्रेसशिवाय झाले. कोर्टात आव्हान मिळू शकते, म्हणून अशा गोष्टींना बारा आणे धरायला हरकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आठ आण्यांत बसतात. जागा रिकामी व्हायला हवी आणि सिनेटने होकार द्यायला हवा. 2016 साली ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांच्या नावावर सिनेटने सुनावणीच घेतली नाही. पण एकदा नेमणूक झाली की ती तहहयात, हे विसरू नका. आणे आठ असले तरी परिणाम तीस वर्षांचा असू शकतो. कर आणि आरोग्य विमा यांना चार आणे. 2017 साली राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि हाउस तिन्ही एकाच पक्षाकडे असूनही ओबामाकाळातला विमा कायदा रद्द करण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये 49 विरुद्ध 51 असा पडला. प्रचारात मात्र याच चार आण्यांच्या विषयांवर सर्वांत जास्त बोलले जाते.

उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराकडे दुर्लक्ष करू नका. आजवर नऊ उपराष्ट्राध्यक्ष मधेच राष्ट्राध्यक्ष झाले, आठ मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे. मुख्य उमेदवार वयस्क असेल तर जोडीच निवडत आहोत असे समजून वाचा.

आता गाळणी. गुण देण्याच्या आधी दोघांनाही चार प्रश्नांतून गाळून घ्या. हरला तर निकाल मान्य करेल का? कोर्टाचा हुकूम विरुद्ध गेला तर पाळेल का? तपासयंत्रणा, करखाते, सैन्य हे विरोधकांवर सोडण्याची भाषा किंवा कृती त्याच्याकडून झाली आहे का? आणि चार वर्षे या कामाचा ताण त्याच्या शरीराला आणि बुद्धीला झेपेल का? हे प्रश्न वेगळे ठेवायचे कारण त्यांची भरपाई दुसऱ्या गुणांनी होत नाही. विमा धोरण चुकले, कर चुकला, तर पुढच्या निवडणुकीत माणूस बदलता येतो. तो बदलण्याची सोयच ज्याच्या हातून मोडेल, त्याची बाकी सगळी चांगली धोरणे पाण्यात जातात. चौथा प्रश्न जरा वेगळा: तिथे नियमांची भीती नसते, पण निर्णय प्रत्यक्षात कोण घेणार हेच कळेनासे होते.

या चार प्रश्नांची उत्तरे विरोधकांच्या जाहिरातींवरून देऊ नका. उमेदवाराचे स्वतःचे पूर्ण भाषण, आधीच्या पदावर असताना सही केलेले आदेश, कोर्टाच्या कागदांतली शपथेवरची साक्ष, यांवरून द्या. तीस सेकंदांची क्लिप पुरावा म्हणून घेऊ नका. तिचा मूळ व्हिडिओ शोधून आधीची पाच मिनिटे आणि नंतरची पाच मिनिटे पाहा. एक उमेदवार गाळणीत अडकला आणि दुसरा पार झाला, तर निर्णय तिथेच झाला, पुढचा कागद करायची गरज नाही. दोघेही अडकले तर कोण जास्त अडकला ते पाहा, आणि त्याला आवर घालायला त्याचेच पक्षातले लोक, काँग्रेस आणि कोर्टे किती तयार आहेत ते पाहा. स्वतःच्या माणसांना घाबरणारा उमेदवार, कुणालाच न घाबरणाऱ्यापेक्षा बरा.

दोघेही पार झाले, म्हणजे दोष साधे, धोरणांचे आणि स्वभावाचे असले, की कागद घ्या. पाचच मुद्दे निवडा. दहा घेतले की बिनमहत्त्वाचे मुद्दे महत्त्वाच्या मुद्द्यांना बुडवतात. प्रत्येक मुद्दा तुम्हाला किती महत्त्वाचा ते 1 ते 5 मध्ये लिहा. मग प्रत्येक उमेदवाराला त्या मुद्द्यावर उणे 3 ते अधिक 3 गुण. शेवटी आणे. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि सोळाने भागायचे.

नमुना म्हणून दोन काल्पनिक उमेदवार घेऊ, क आणि ख. आरोग्य विम्याचे महत्त्व 5; क ला अधिक 2 पण चार आणे, कारण नवे काही द्यायचे तर काँग्रेस लागते; ख ला उणे 1 पण आठ आणे, कारण आहे ते ढिले करणे प्रशासनाला सोपे जाते. क चे होतात अधिक अडीच, ख चे उणे अडीच. करांचे महत्त्व 5, चार आणे. क उणे 1, ख अधिक 2. म्हणजे क उणे सव्वा, ख अधिक अडीच. व्हिसाचे महत्त्व 4, बारा आणे. क अधिक 1, ख उणे 1. म्हणजे क अधिक 3, ख उणे 3. न्यायाधीशांचे महत्त्व 4, आठ आणे. क अधिक 1, ख उणे 2. म्हणजे क अधिक 2, ख उणे 4. युद्धाचे महत्त्व 3, सोळा आणे. क उणे 2, ख अधिक 1. म्हणजे क उणे 6, ख अधिक 3. बेरीज केली तर क ला पाव गुण आणि ख ला उणे 4.

आता याच कागदावर आणे न धरता बेरीज करा: क ला 7, ख ला उणे 4. अकरा गुणांचे अंतर. आणे धरल्यावर ते सव्वाचारवर येते. क ची विम्याची मोठमोठी वचने जवळजवळ विरघळली आणि युद्धाचा मुद्दा, जो तुम्ही तिसऱ्या दर्जाचा मानला होता, तो सर्वांत जड निघाला. मग त्याच आकड्याला हलवून पाहा. क ला युद्धावर उणे 2 ऐवजी उणे 3 दिले तर तो उणे पावणेतीनवर येतो, तरी ख च्या पुढेच राहतो. पण युद्धाचे महत्त्व 3 वरून 5 केले तर क येतो उणे पावणेचारवर आणि ख उणे 2 वर. निकाल उलटला. म्हणजे तुमचा खरा प्रश्न सापडला: विमा नाही, कर नाही, तर क खरोखर युद्धात उतरेल का आणि ते तुम्हाला किती लागते. उरलेला सगळा वेळ त्या एकाच प्रश्नाच्या वाचनाला द्या. कागदाचा उपयोग यासाठी आहे. आकडे तुमच्या वतीने मत देत नाहीत, पण कुठे खोदायचे ते दाखवतात.

याला एकूण सहा तास पुरतात, आणि ते दोन महिन्यांत वाटून घ्या. एक तास गाळणीला. दोन तास मागच्या कामगिरीला: सिनेटर असेल तर कोणत्या विधेयकावर कसे मत दिले ते काँग्रेसच्या संकेतस्थळावर मिळते, गव्हर्नर असेल तर कोणते कायदे सही केले आणि कोणते नाकारले ते पाहायचे. एक तास पैशांच्या वचनांना. मोठ्या वचनांचा खर्च पक्षांबाहेरच्या अभ्यासकांनी मांडलेला असतो, आणि विधेयक मांडले गेले असेल तर काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब असतो. दीड तास एक पूर्ण वादसभा, तुकड्यांत नाही. उरलेला अर्धा तास कागदाला.

या कामात चुका कुठे होतात तेही ठाऊक असावे. पहिली म्हणजे आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ज्या पक्षाकडे मन आधीच झुकलेले असते, त्याच्या उमेदवाराचे खोटे बोलणे "राजकारणात चालतंच" ठरते आणि समोरच्याचे "मुळातच खोटारडा". उपाय सोपा आहे: दोष कागदावर नाव न लिहिता लिहा, दोन दिवस बाजूला ठेवा, मग नावे उलटसुलट करून वाचा. ज्या ओळीला "असू दे" म्हणालात ती आता टोचते का पाहा. टोचली तर गुण बदला.

दुसरी चूक एकच दोष तीनदा मोजण्याची. माणूस उद्धट आहे, म्हणून परदेश धोरणात उणे, म्हणून काँग्रेसशी जमवण्यात उणे, म्हणून स्वभावात उणे. उद्धटपणाचा परिणाम जिथे खरा दिसतो तिथे एकदाच लावा. आवाज, हसणे, बोलण्याची ढब यांचा राग येतो तो खरा असतो, पण त्याला आणे किती? शून्य.

तिसरी चूक उलट्या बाजूची: दोघांना समान झोडपले म्हणजे आपण निःपक्षपाती, असा समज. चिंचा चोरणारा आणि घर फोडणारा, दोघेही चोर हे खरे. पण दोघांच्या तक्त्यात "चोरी" एवढेच लिहून बरोबरी केली तर तो आळस झाला, न्याय नव्हे. खोटे बोलण्यातही प्रत लावता येते: स्वतःची फुशारकी मारणारे खोटे, आकडा फुगवणारे खोटे, आणि एखाद्या समाजावर लोक उठतील असे खोटे.

"वचने कोण पाळतो?" हीही एक मोठी गैरसमजूत. राष्ट्राध्यक्ष आपल्या बऱ्याचशा वचनांचा पाठपुरावा करतात. अडतात ते बहुधा काँग्रेसमध्ये किंवा कोर्टात. त्यामुळे भीतिदायक वचन ऐकल्यावर "हा नुसता बोलतोय" म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः त्याला बारा किंवा सोळा आणे असतील तर.

आता यजमानांचा कोरा रकाना. आधी एक चांगली बाब: राष्ट्राध्यक्षाचा रकाना रिकामा ठेवला तरी बाकीची मतपत्रिका बाद होत नाही, सिनेट, हाउस, राज्य विधिमंडळ सगळे मोजले जाते. बाद होते ते एकाच पदासाठी दोन नावांवर खूण केल्यावर, आणि तेही त्या पदापुरते. पण कोऱ्या रकान्याने संदेश कुणाला जातो? 2016 साली मिशिगनमध्ये सुमारे 75 हजार मतपत्रिकांवर राष्ट्राध्यक्षपदाचे मत नव्हते आणि निकाल 10,704 मतांनी लागला. त्यातली किती निषेधाची, किती विसरलेली, किती चुकीची खूण केलेली, हे कुणालाही सांगता येत नाही. निषेध असा हवा की तो वाचता यावा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे नोटा आठवेल. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो मतदानयंत्रावर आला, आणि 2019 च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला. तरी आमदार निवडून आला तो आलाच. अमेरिकेत नेवाडा राज्यात 1970 च्या दशकापासून "यांपैकी कोणी नाही" हा पर्याय छापलेला असतो. फेब्रुवारी 2024 मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, त्याने उमेदवार निकी हॅली यांना मागे टाकले. तोही मोजला जातो, पण खुर्ची रिकामी ठेवत नाही. पेनसिल्व्हेनियात हा पर्याय नाही. हाताने नाव लिहिण्याची सोय आहे, पण सगळीकडे नाही: ओक्लाहोमा, हवाई, साउथ डकोटा येथे तीही नाही, आणि बऱ्याच राज्यांत त्या व्यक्तीने आधी कागदपत्रे दिली असतील तरच लिहिलेले नाव धरतात.

मुलीच्या तिसऱ्या पक्षाकडे जास्त गंभीरपणे पाहावे लागते, कारण त्यामागे चांगली इच्छा आहे. अडचण पद्धतीत आहे. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांवर ठरत नाही, राज्यांना वाटलेल्या निर्वाचक मतांवर ठरतो: एकूण 538, जिंकायला 270. मेन आणि नेब्रास्का सोडून प्रत्येक राज्य आपली सगळी मते पहिल्या आलेल्याला देते, मग तो एका मताने का पुढे असेना. 1992 साली अपक्ष रॉस पेरो यांना देशभरात 18.9 टक्के मते मिळाली आणि निर्वाचक मत एकही नाही. 2000 साली फ्लोरिडात निकाल 537 मतांनी लागला, ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे 97,488 मते होती. तुमच्याच पेनसिल्व्हेनियात 2016 साली अंतर 44,292 मतांचे होते आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना 49,941 मते पडली. ही सगळी मते हरलेल्याकडेच गेली असती असे म्हणणे चुकीचे आहे. काही लोक घरीच बसले असते, काही समोरच्याकडे गेले असते. पण ज्यांना एक उमेदवार दुसऱ्याहून स्पष्ट नकोसा होता आणि तरी ज्यांनी तिसऱ्याला मत दिले, त्यांनी आपले म्हणणे निकालाच्या बाहेर ठेवले, हे मान्य करावे लागते.

तिसऱ्या पक्षाच्या मताचा एक ठोस लाभ आहे. देशभरात 5 टक्के मिळाले तर त्या पक्षाला पुढच्या निवडणुकीसाठी सरकारी निधी मिळू शकतो. पेरो यांच्या 1996 च्या 8.4 टक्क्यांमुळे त्यांच्या रिफॉर्म पक्षाला 2000 साली सुमारे 1 कोटी 26 लाख डॉलर मिळाले. ज्या राज्यात निकाल दहा-पंधरा टक्क्यांनी लागतो तिथे असे मत देण्याला अर्थ आहे. पण "आमचं राज्य ठरलेलंच आहे" हे वाक्य दर चार वर्षांनी तपासा. पेनसिल्व्हेनिया 1992 ते 2012 सहा वेळा डेमोक्रॅटिक होते, 2016 ला उलटले. जॉर्जिया 1996 ते 2016 सहा वेळा रिपब्लिकन होते, 2020 ला 11,779 मतांनी उलटले. इतक्या मराठी घरांचे न्यू जर्सी 2020 मध्ये जवळपास 16 टक्क्यांनी लागले आणि 2024 मध्ये सहाहून कमी. तुमच्या 19 निर्वाचक मतांच्या राज्यात तर हा चैनीचा प्रश्नच उरत नाही. 19 मते म्हणजे लागणाऱ्या 270 चे सात टक्के.

मुलीला पद्धतच बदललेली हवी असेल, तर तिला भारताच्या 1969 च्या राष्ट्रपती निवडणुकीची गोष्ट सांगा. तिथे आमदार-खासदार पसंतीक्रमाने मत देतात. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात चुरस होती, आणि तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मतमूल्य. कुणालाच कोटा गाठता आला नाही. मग मागे पडलेल्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली, तेव्हा गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427. देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांचे मत वाया गेले नाही, कारण "हे नाही तर निदान तो" हे त्यांना त्याच कागदावर लिहिता आले. अमेरिकेत अशी सोय राष्ट्राध्यक्षपदासाठी मेनमध्ये 2020 पासून आणि अलास्कात 2024 मध्ये वापरली गेली. तिथल्या मतदाराने तिसऱ्याला पहिली पसंती निर्धास्त द्यावी. पेनसिल्व्हेनियात ती आणायची तर लढाई राज्य विधिमंडळात आहे, नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे, ज्याकडे लोक हमखास पाठ फिरवतात. नोव्हेंबरात दगड आणि वीट एवढेच उरतात, कारण बाकीचे आधीच गळालेले असतात. 2002 साली फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत 16 उमेदवार होते. शेवटच्या फेरीत उजवे शिराक आणि डावे जोस्पँ असणार हे धरून डाव्या मतदारांनी मनसोक्त छोट्या उमेदवारांना मते दिली, शेकडा 28 जण घरीच राहिले. शिराक 19.88, अतिउजवे ल पेन 16.86, जोस्पँ 16.18 टक्के. 1,94,600 मतांनी जोस्पँ बाहेर. मग त्याच डाव्या मतदारांना शिराक यांच्यासाठी रांगा लावाव्या लागल्या, ज्यांच्यावर पॅरिसच्या महापौरकाळातल्या गैरव्यवहाराचे आरोप होते, आणि मोर्च्यांत फलक दिसले की फॅसिस्टापेक्षा लबाडाला मत द्या. शिराक 82 टक्क्यांनी जिंकले. 2011 साली ते त्या जुन्या प्रकरणात दोषी ठरले. दुसऱ्या फेरीतला निर्णय बरोबर होता. चूक पहिल्या फेरीत झाली होती.

अमेरिकेतली पहिली फेरी म्हणजे प्रायमरी. तिथे मतदान कमी होते, म्हणून एकेका मताचे वजन जास्त. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी बंद आहे: नोंदणीत पक्ष लिहिला असेल तरच त्या पक्षाच्या उमेदवारांत निवड करता येते. बरेच नवे नागरिक "आपण कुणाचेच नाही" म्हणून पक्षाचा रकाना मोकळा सोडतात आणि मग वसंतात त्यांना आत शिरता येत नाही. पक्ष लिहिल्याने नोव्हेंबरात त्याच पक्षाला मत देण्याचे बंधन येत नाही, आणि पुढे तो बदलताही येतो. ज्या पक्षाचा उमेदवार जास्त बिघडण्याची भीती वाटते त्या पक्षात नोंदवून तिथला बरा माणूस वर आणणे, हाही सरळ आणि कायदेशीर मार्ग आहे. नोंदणीची किंवा बदलाची मुदत मतदानाच्या 15 दिवस आधी संपते.

मतदानाच्या दिवसाचे थोडे. पेनसिल्व्हेनियात एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देण्याची पद्धत 2019 च्या कायद्याने गेली, त्यामुळे प्रत्येक पदापुढे खूण करावी लागते. नकोशा राष्ट्राध्यक्षाला मत देताना त्याला वेसण घालेल असा सिनेटर किंवा हाउस सदस्य दुसऱ्या पक्षाचा निवडणे तुमच्या हातात आहे, आणि वरच्या तक्त्यातले आणे त्यानेच कमीजास्त होतात. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संकेतस्थळावर नमुना मतपत्रिका आधी येते. ती छापून खुणा करून सोबत न्या. त्या केंद्रावर पहिल्यांदा मत देणाऱ्याला ओळखपत्र दाखवावे लागते. टपालाने द्यायचे असेल तर मागणी सात दिवस आधी पोहोचली पाहिजे, आणि भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत काउंटीकडे. तिला दोन पाकिटे असतात. आतल्या गोपनीयतेच्या पाकिटाशिवाय थेट बाहेरच्या पाकिटात घातली तर ती मोजत नाहीत. चांगली विचार करून दिलेली मते इथे वाया जातात. बाहेरच्या पाकिटावर सही आणि त्या दिवसाची तारीख आठवणीने घाला.

घरात कुणी अजून ग्रीन कार्डावर किंवा व्हिसावर असेल तर त्यांनी मतदारनोंदणीचा अर्ज भरूच नये, वाहनपरवाना काढताना समोर आला तरी. नागरिक नसताना राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देणे केंद्रीय गुन्हा आहे आणि त्यावरून देशाबाहेर काढले जाऊ शकते. मराठी मंडळाच्या मंचावरून कुणाला मत द्या असे सांगण्याची अपेक्षाही ठेवू नका. मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेले असेल तर त्याला तसे करता येत नाही. चर्चा घरात करा.

सासूबाई नागरिक असतील आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नसेल, तर मतदान हक्क कायद्याच्या कलम 208 प्रमाणे त्या आपल्या पसंतीच्या माणसाला मदतीसाठी आत नेऊ शकतात. तो त्यांच्या नोकरीचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसावा, एवढीच अट. नात गेली तरी चालते. तिने नावे मराठीत वाचून दाखवायची आणि आजी सांगतील तिथे खूण करायची.